मागल्या वेळी सांगितलं, त्याचं काय झालं?

प्रश्न एका तरुण डॉक्टरांचा आहे. मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर त्यांचं तीन वर्षांचं संशोधन चालू आहे. प्रश्नावली, माहितीपत्रक, भेटींच्या तारखा हे सगळं रुग्णांना विचारून ठरवावं म्हणून त्यांनी दहा रुग्णांचा सल्लागार गट केला. पहिल्या बैठकीला दहाही जण आले. दीड वर्षानं तिघं उरलेत. "लोकांचा उत्साह टिकत नाही. तो कसा टिकवायचा? की गळालेल्या सातांच्या जागी नवे घ्यायचे?" असं ते विचारतात.

डॉक्टर, उत्साहाची चिंता सोडा. पायाला पट्टी बांधलेला माणूस काणकोणहून मडगाव आणि मडगावहून पणजी अशा दोन कदंब बस बदलून तुमच्यापर्यंत पोचला, त्याच दिवशी त्याचा उत्साह दिसला. तो पुन्हा का आला नाही, हे शोधायला निघालात तर कारण बहुतेक वेळा आपल्याच टेबलावर सापडतं.

मी गोव्यात वैद्यकीय संशोधनाच्या कामात बावीस वर्षं आहे. आधी घरोघर फिरून फॉर्म भरायची, आता प्रकल्पांचा समन्वय बघते. माझाही एक अख्खा गट गळाला होता, म्हणून हे लिहायचा हक्क आहे असं समजते. रक्तदाबावरचा प्रकल्प होता. डिचोली आणि सत्तरीतले आठ जण. पहिल्या दोन बैठकांत त्यांनी भरभरून सांगितलं. चौदा पानांचा फॉर्म भरताना माणूस कंटाळून काहीही उत्तर देतो. दुपारी दोनला फोन करू नका, जेवून जरा आडवं व्हायची वेळ असते. पाकिटातल्या थोड्या गोळ्या कापून खिशात ठेवल्या की नाव तुटतं आणि कुठली गोळी कसली ते कळत नाही. आम्ही हे सगळं मनावर घेतलं. फॉर्म नऊ पानांवर आणला, फोनची वेळ बदलली. आणि हे त्यांना सांगायचं मात्र साफ राहिलं. बदललेला फॉर्म नैतिकता समितीकडून, म्हणजे संशोधनात रुग्णांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीकडून, पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात महिने गेले. मग पावसाळा, मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. सात महिन्यांनी आम्ही पुन्हा त्यांच्यापुढे जाऊन बसलो आणि म्हटलं, तुमचे विचार सांगा. साखळीकडच्या एक काकी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी आमकां आपयतात, आमी येतात, उलयतात. मागीर तें खंय वता?" तुम्ही बोलावता, आम्ही येतो, बोलतो. मग ते जातं कुठं?

उत्तर आमच्या पिशवीतच होतं, नऊ पानांचा फॉर्म. पण तो बाहेर काढेपर्यंत वेळ गेली होती. पुढच्या बैठकीला दोघं आले.

गावच्या गणपतीचं बघा. वर्गणी घेतात, अकरा दिवस दणक्यात करतात आणि नंतर जमाखर्च फळ्यावर लागतो. एक्कावन्न रुपये देणाराही उभा राहून तो वाचतो, मांडवाचा खर्च जास्त झाला म्हणून कुरकुरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक्कावन्न देतो. ज्या वर्षी फळा कोरा राहतो, त्याच्या पुढच्या वर्षी वर्गणीला दारं उघडत नाहीत. रुग्णांनी आपल्याला दिलेला वेळ ही वर्गणीच असते, फक्त तिची पावती आपण फाडत नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक बैठकीचा पहिला विषय एकच असतो: मागल्या वेळी सांगितलं, त्याचं काय झालं. त्यासाठी साधी दोनशे पानी वही ठेवते. कोणी सांगितलं, काय सांगितलं, काय केलं, आणि केलं नसेल तर का नाही. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो आणि गट त्यावरच टिकतो. एकदा लोकांनी मागणी केली की दुसऱ्यांदा रक्त घेऊ नका. ते शक्य नव्हतं, दुसरा नमुना नसेल तर औषधानं फरक पडला की नाही हेच कळत नाही. तसं चार वाक्यांत सांगितलं. एकानं विचारलं, मग सकाळी उपाशीपोटी न घेता चालेल का? या तपासणीला ते चालत होतं. आमच्या डोक्यात तो पर्याय आलाच नव्हता, उपाशीपोटीची सवय होती एवढंच.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण मधुमेही पायाचं काम मीही थोडं केलंय. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाबचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरातल्या मधुमेह पाहणीचे, आकडे आले. वीस वर्षांवरच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४, सगळ्या राज्यांत जास्त. आमच्या गटातले एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्र घेऊनच आले आणि म्हणाले, "चला, कशात तरी पहिला नंबर." सगळे हसले. मग एका बाईंनी विचारलं, ह्या टक्क्यांत आमचे पाय कुठं आहेत? त्यानंतरचा तासभर आम्ही जे ऐकलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आमच्या प्रश्नावलीत प्रश्न होता: पायाची संवेदना कमी झाली आहे का? निम्म्याहून अधिक लोक 'नाही' म्हणत. त्याच लोकांच्या तळव्याला संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक धागा टेकवला की त्यांना पत्ताही लागत नसे. फोंड्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "व्हाण पांयांतली केन्ना सुटली तें कळना, फाटल्यान येवपी सांगता." पायातली चप्पल निसटते, आपण तसंच पुढे चालत राहतो आणि मागचा माणूस हाक मारून सांगतो. बधिर पायाचं यापेक्षा नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. आम्ही प्रश्न बदलला: चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, असं होतं का? आणि माना डोलायला लागल्या.

दुसरी गोष्ट अनवाणी चालण्याची. पत्रकात आपण लिहितो, कधीही अनवाणी चालू नये. लोकांनी विचारलं, देवळात काय करायचं? एप्रिलमधल्या दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी तापलेली असते, आणि बधिर पायाला चटका कळत नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. घरात चप्पल घालून देवापुढे जायचं नाही. लावणीच्या चिखलात चप्पल रुततेच. मासे साफ करताना खाली बसलेल्या बाईच्या पायाशी खवलं आणि काटे असतात. 'कधीही नाही' हा सल्ला ज्यानं लिहिला, तो या पायांनी जगलेला नव्हता. गटानंच मग मजकूर सुचवला: देवळात सकाळी लवकर जा, जाडसर मोजे चालतील का ते पुजाऱ्यांना विचारा, परत आल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, घरासाठी एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या, चपलांची वेगळी जोडी ठेवा. आरसा सुचवणाऱ्या त्या फोंड्याच्या आजी प्रकल्प संपेपर्यंत येत राहिल्या. का, असं विचारलं तर म्हणाल्या, पत्रकात त्यांचा आरसा छापलाय.

भाषेबद्दल. गोव्याबाहेरून आलेल्या मुख्य संशोधकांना हे समजावताना माझा घसा दर वेळी कोरडा पडतो. आमच्याकडे पुष्कळ घरांत वाचायचं ते मराठीत आणि दुखणं सांगायचं ते कोंकणीत. संमतीपत्र मराठीत द्या, माणूस चष्मा लावून नीट वाचेल. त्यावर बोलायचं मात्र कोंकणीत, आणि तीही अंत्रुजेची, म्हणजे फोंड्याकडची, वेगळी, बार्देशची वेगळी. सासष्टीत गेलात तर रोमी लिपीतला कागद लागेल. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात सावंतवाडी-दोडामार्गहून येणारे रुग्ण मालवणीत बोलतील, आणि त्यांची शेवटची गाडी चुकली तर रात्र कुठं काढायची हा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीपेक्षा मोठा असेल. कागदाची प्रत्येक भाषेतली प्रत नैतिकता समितीकडून मंजूर व्हावी लागते, म्हणून हे पहिल्या महिन्यातच करा. आणि बैठकीचं टिपण एका मराठी पानात, मोठ्या अक्षरात, आठवड्याच्या आत घरी पोचवा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकली म्हणजे पोचवलं असं नाही. तो फोन नातवाकडे असतो.

पैशाचं आता. यावर थोडं जास्त लिहिते, कारण सभ्य माणसं यावर बोलत नाहीत आणि गट मात्र त्यावरच फुटतात. एका प्रकल्पात प्रवासखर्चासाठी लेखा विभागानं बिलं मागितली. बसचं तिकीट ठीक. पण बसथांब्यापासून आमच्या सभागृहापर्यंत येणारा माणूस पायलटच्या मागे बसून येतो. मोटारसायकलवाला पायलट कधी पावती देतो का? बिल नाही म्हणून पैसे नाहीत. एका गृहस्थांनी दोनदा पदरचे घातले, तिसऱ्यांदा 'कणकण आहे' म्हणून कळवलं. ते पुढे कधीच आले नाहीत, आणि त्यांना पैशांमुळे येता येत नाही हे आम्हाला त्यांच्या सुनेकडून कळलं. उपाय अवघड नाही. प्रत्येक तालुक्याला एक ठरावीक प्रवासखर्च आधीच अंदाजपत्रकात लिहायचा, समितीकडून मंजूर करून घ्यायचा, बैठक सुटताना सहीवर हातात द्यायचा. रोजंदारीवरच्या माणसाचा बुडालेला दिवस त्यात वेगळा धरायचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी व्यक्तीचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देण्याला जागा आहे. सल्लागारांना तेच लावून मागा, फार अडवत नाहीत. वरिष्ठ फारच कुरकुरले तर हेलसिंकी जाहीरनाम्याची, म्हणजे वैद्यकीय संशोधनातल्या नीतीच्या जागतिक दस्तऐवजाची, २०२४ ची आवृत्ती पुढे करा. संशोधनाच्या आधी, ते चालू असताना आणि नंतरही सहभागी लोकांना आणि समाजाला अर्थपूर्ण रीतीनं सामील करा, असं तीत सरळ म्हटलंय.

आणि चहा. मधुमेहींच्या बैठकीत साखरेचा चहा आणि बटाटवडा ठेवणारे प्रकल्प मी पाहिलेत. बैठक साडेअकराला सुरू करून दीडपर्यंत ताणणारेही. इन्शुलिन घेतलेल्या माणसाला ते परवडत नाही. बैठक तळमजल्यावर, स्वच्छतागृह जवळ, पाय वर टेकवायला जास्तीच्या खुर्च्या, एवढं बघा.

खुर्च्यांवरून आठवलं, तुम्ही स्वतः कुठं बसता? रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टरच बैठकीचा अध्यक्ष असेल तर सगळे 'बरें आसां, दोतोर' म्हणतात. तुमच्या ओपीडीत उद्या त्यांना यायचं असतं, तुमच्यावर टीका कोण करणार? माझं मत ऐकाल तर पहिला अर्धा तास तुम्ही बाहेर थांबा. बैठक दुसऱ्या कुणी, शक्यतो रुग्णांपैकीच कुणी चालवावी. 'गटात काहीही बोललात तरी उपचारात फरक पडणार नाही' हे लेखी द्या, सहीनिशी. आणि जो रुग्ण सल्लागारही आहे आणि अभ्यासात सहभागीही, त्याच्यासाठी दोन वेगळे कागद असू द्यात. अभ्यासातून तो कधीही बाहेर पडू शकतो, गटातूनही पडू शकतो, आणि एकीकडून बाहेर पडला म्हणून दुसरीकडून पडला असं होत नाही. हा घोळ मी तीनदा तरी निस्तरलाय.

प्रत्येक गटात एक बोलका माणूस असतो. बहुधा निवृत्त शिक्षक नाहीतर बँकेतला. तो उत्तम बोलतो, सगळ्यांच्या वतीनं बोलतो, आणि तीन बैठकांत बाकीच्यांना वाटायला लागतं की आपलं काम नाही. त्यांना गप्प करू नका, त्यांना टिपण लिहायला द्या. हात लिहिण्यात गुंतला की तोंडाला उसंत मिळते. आमच्या मास्तरांनी पुढे टिपणं इतकी छान लिहिली की लेखा विभागसुद्धा ती वाचायचा.

आता ज्याला मी खरा खड्डा म्हणते ते. आपल्याकडे प्रकल्पाची माणसं अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. ज्या मुलीनं रुग्णाच्या घरी जाऊन पाणी प्यायलं, नातवाचं नाव लक्षात ठेवलं, ती दुसऱ्या नोकरीला जाते आणि तिचा नंबर तिच्याबरोबर जातो. नवा मुलगा फोन करून विचारतो, "आपण कोण बोलताय?" रुग्णाच्या दृष्टीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तुमचे सात जण कधी गळाले त्या तारखा काढा आणि त्यांच्याशेजारी तुमचे कर्मचारी कधी बदलले त्या तारखा लिहा. मला काही सिद्ध करायचं नाही, पण बघा तरी. प्रकल्पाचा फोन नंबर प्रकल्पाच्या नावावर असावा, जाणाऱ्यानं येणाऱ्याला निदान एकदा प्रत्येक घरी नेऊन ओळख करून द्यावी, आणि ती वही कार्यालयात राहावी.

एक प्रसंग सांगते, अजून टोचतो. बैठकीचं बोलावणं करायला मी सत्तरीतल्या एका सदस्यांना फोन लावला. त्यांच्या पत्नीनं उचलला. ते जाऊन तीन महिने झाले होते. मी मधल्या काळात एकदाही फोन केला नव्हता, कारण बैठक नव्हती. त्या काही रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या, तुमची ती फाइल त्यांनी जपून ठेवलीय, घेऊन जाता का? तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी प्रत्येकाला एक फोन, कामाशिवायचा. आजारी माणसांचा गट आहे हा, कुणाचा पाय काढावा लागेल, कुणी जाईल. अशा वेळी घरी जायचं. आणि गेलेल्या माणसाचा नंबर गटातून गुपचूप काढून टाकायचा नाही, बाकीच्यांना विचारून काढायचा.

नावांचाही प्रश्न येईल. लेख छापून येताना आभारात रुग्णांची नावं घालण्याची पद्धत चांगलीच आहे. संशोधनात रुग्णांचा सहभाग कसा होता हे नोंदवायला २०१७ पासून जीआरआयपीपी-२ नावाची तपासयादी आहे, तिचा छोटा नमुना तुमच्यासारख्या अभ्यासाला पुरतो. पण आधी एकेकट्याला विचारा. आमच्या मास्तरांना नाव हवं होतं, शक्य तर फोटोही. त्याच गटातल्या एका पायलटनं हात जोडले. पाय बधिर आहे हे छापून आलं तर मागे कोण बसेल?

निकाल सांगण्यात आपण सगळ्यांत कच्चे. फायदा दिसला तर सांगतो, नाही दिसला तर गप्प. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या संगाथ या संस्थेचा नैराश्य आणि चिंतेवरचा 'मानस' अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या कामाचा फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. दोन्ही छापलं गेलं. मला तो अभ्यास आवडतो तो त्या दुसऱ्या अर्ध्यासाठीही. तुमच्या गटाला निकाल सांगाल तेव्हा तसाच सांगा, अख्खा, आणि लेख छापून येण्याची वाट न बघता किती सांगता येतं ते नियतकालिकाला आधी विचारून घ्या.

अनुदान संपल्यावर काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दीड वर्षानं विचाराल. दोन अनुदानांच्या मधल्या काळात मोठं काही करायची गरज नसते. वर्षातून एक बैठक, मधूनमधून फोन, आणि पुढच्या प्रस्तावाचा पहिला कच्चा मसुदा त्यांना दाखवणं. ब्रिटनमध्ये जेम्स लिंड अलायन्स २००४ पासून रुग्ण आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाचे प्रश्नच ठरवते. आपल्याला तेवढी यंत्रणा नको, एक चटई पुरे. आणि पुढे काहीच होणार नसेल तर तसं स्पष्ट सांगून, जेवण घालून निरोप द्या. न सांगता संपलेल्या प्रकल्पांमुळे पुढच्या संशोधकाला त्या वाड्यावर पाणीही मिळत नाही.

राहता राहिला तुमचा दुसरा प्रश्न, नवे घ्यायचे का. घ्या, पण आधी त्या सातांकडे जाऊन या, फोन नको. "तुम्ही का येत नाही" हे विचारू नका, तो जाब वाटतो. दीड वर्षात त्यांनी सुचवलेलं काय काय झालं ते वहीत लिहून न्या आणि वाचून दाखवा. ज्यांना सोडायचं असेल त्यांना मानानं सोडू द्या, एखादं पत्र द्या, काही जण ते भिंतीवर लावतात. चवथीच्या आधीचे आठ दिवस सोडा, घराघरांत रंगकाम आणि करंज्या-नेवऱ्यांची गडबड असते. बार्देशातल्यांकडे शुक्रवारी जाऊ नका, म्हापशाचा बाजार असतो. सत्तरीतले काजूच्या दिवसांत सकाळी बागेत असतात, तिकडे दुपारी चारनंतर जा, आणि पायलटला तासभर थांबायला सांगा, परतीला दुसरा मिळत नाही.